तिसरा आग्रह

मिनेसोटातल्या रॉचेस्टरहून शेजारच्या विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन गाडीने सव्वातीन तासांवर आहे. हे कोणीही सांगेल. व्हर्लिन टेसडाल मात्र ते नुसतं सांगत नसे, जाहीर करत असे. उभी हयात त्याने जिल्ह्यातल्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्यांचे मार्ग आखले होते. कुठल्या वळणावर बर्फ साचतो, कुठल्या फाट्यावर कोणाची आई पोराला टोपी घालण्यात वेळ काढते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तेव्हा मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी नवाला निघून दुपारच्या जेवणाला लेकीच्या दारात उभं राहणं, यात काही आखण्यासारखं नव्हतं. पण आखायचं नाही, तर निवृत्त माणसाने दिवसभर करायचं काय?

कारणही मंगल होतं. लेक जोनेल, तिचं पहिलं बाळ, आणि रविवारी सकाळी दहाला मॅडिसनच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा. टेसडालांच्या घराण्यात एक रीत चालत आलेली आहे. बाळाच्या माथ्यावर पाणी पडलं की आजोबांनी उभं राहून आशीर्वादाचं गाणं म्हणायचं. चारच ओळी, पण नॉर्वेहून बोटीने आलेल्या. व्हर्लिनच्या वेळी त्याच्या आजोबांनी म्हटल्या, जोनेलच्या वेळी त्याच्या वडिलांनी. आता पाळी त्याची.

व्हर्लिन चर्चच्या गायकवृंदात मागच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात उभा राहायचा. आवाज खर्जातला. तो ऐकू येत नसे, जाणवत असे. तो सर्दीने घरी राहिला की बाकीच्यांना आपण अधांतरी गातोय असं वाटायचं. एरवी या माणसाला दोन शब्द बोलताना घाम फुटे. बायकोला 'आवडतेस' म्हणायचं तर तो तिच्या गाडीच्या चाकांतली हवा तपासून देई. पण सूर लागला की देव आणि व्हर्लिन यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ उरत नसे. ज्याने आयुष्यात एकदा तरी भरल्या मंडपात बुवांच्या मागे उभं राहून झील धरलीय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

खडा एकच होता. फोनवर जोनेल म्हणाली होती, "बाबा, तू येशीलच रे. पण रस्त्याचं काही सांगता येत नाही. उशीर झालाच तर सॅल आहेत. म्हणाले, काही अडलं तर मी गातो."

सॅल मानकुसो म्हणजे व्याही. न्यू जर्सीचे. पोरांच्या लग्नात ते गायले तेव्हा वाढणारे हातातली ताटं विसरून उभे राहिले होते. गाऊन झाल्यावर त्यांनी व्हर्लिनला कडकडून मिठी मारली आणि वर गालाचा मुकाही घेतला.

"माणूस चांगला आहे," व्हर्लिन त्या दिवशी गाल पुसत बायकोला, मार्डेलला, म्हणाला होता. "पण हे जरा वेगळंच."

आमच्या मिनेसोटात 'वेगळंच' याहून कडक शिवी नाही.

"आपल्याला उशीर होणार नाही," व्हर्लिनने फोनवर ठासून सांगितलं. "रस्ता माझ्यावर सोड."

रस्ता त्याच्यावर सोडायला कोणी तयार नव्हतं. रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. कॉफी इतकी पातळ की कपाचा तळ वाचता यावा, आणि त्या कॉफीवर पुरुषमंडळी तासभर फक्त रस्त्यांवर बोलतात. आमच्याकडे पाहुणा दारात आला की 'कसे आहात' नंतर विचारतात, आधी 'कुठल्या रस्त्याने आलात' हे विचारतात, आणि उत्तर काहीही असलं तरी चुकचुकतात.

"नव्वद नंबर," व्हर्लिन म्हणाला. "सरळ मोठा हमरस्ता."

ड्युवेनने कप खाली ठेवला. हा ड्युवेन जन्मभर दूध गोळा करायचा टँकर चालवत होता. स्वभावही टँकरसारखाच, एकदा उताराला लागला की आवरत नसे.

"नव्वद? मे महिन्यात? अरे, टोमा गावापासून पुढे रस्त्याच्या कामाची नुसती नारिंगी पिंपं उभी केलीत. एक पदरी वाहतूक. चौदा नंबरने जा. नदीकाठ बघ, टेकड्या बघ."

"मला टेकड्या बघायच्या नाहीत, ड्युवेन. मला पोचायचंय."

"नव्वदने गेलास तर पोचशील. बाळाच्या लग्नाला!"

सगळे हसले. व्हर्लिनही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बसगाड्यांचे मार्ग ज्याने आखले त्याला दुधाच्या टँकरने रस्ता शिकवावा! तो नव्वदनेच जाणार, हे त्या क्षणी ब्रह्मदेवाच्या लेखणीने ठरलं. ब्रह्मदेवाला फक्त कॉफीच्या पिंपाची खबर नव्हती.

झालं असं की बाप्तिस्म्यानंतर घरी बरीच माणसं येणार होती, आणि जोनेल सहज बोलून गेली, "आपल्या चर्चचं ते कॉफीचं तोटीचं मोठं पिंप मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. पण जाऊ दे, उगीच त्रास." बापाने 'जाऊ दे' तेवढं ऐकलं नाही.

पिंप स्वयंपाकघर समितीच्या ताब्यात. समितीच्या अध्यक्षा आर्डिसबाई क्लॉकी, व्हर्लिनच्या शेजारच्याच घरात राहणाऱ्या. ऐंशी पार केलेल्या, पाठ ताठ, पांढरे केस साच्यातून काढल्यासारखे. कुंपणावरून हाक मारली असती तर काम झालं असतं असं तुम्हाला वाटेल. पण कुंपणावरच्या आर्डिसबाई वेगळ्या आणि समितीतल्या वेगळ्या. बैठक भरली. आधी प्रार्थना झाली, मग मागल्या बैठकीत ठरलेलं वाचून दाखवण्यात आलं, मग केक झाला. केकचा शेवटचा तुकडा कोणी घेईना, म्हणून तो अर्धा केला, उरलेला अर्धा पुन्हा अर्धा केला, आणि शेवटी ताटलीत एक नैतिक तत्त्व तेवढं शिल्लक राहिलं. त्यानंतर पिंप.

"राज्याबाहेर?" आर्डिसबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "विस्कॉन्सिनला?"

"एका रात्रीपुरतं, आर्डिसबाई."

"मागे दुसऱ्या चर्चच्या मंडळीने असंच एका रात्रीपुरतं नेलं होतं. परत आलं तेव्हा झाकण दुसरंच. बसतं, पण खडखडतं. तेव्हापासून ठराव आहे, समितीचा एक माणूस बरोबर असल्याशिवाय पिंप जिल्हा ओलांडणार नाही."

खोलीत शांतता पसरली. अशा शांततेत आमच्याकडचा सभ्य माणूस काहीतरी सभ्य बोलतो आणि मरतो.

"मग तुम्हीच चला ना आमच्याबरोबर," व्हर्लिन म्हणाला.

"छे छे! मी कुठे तुमच्या घरच्या कार्यात!"

इथे एक शास्त्र सांगायला हवं. आपल्या पंगतीत जिलबी नको असेल तर पानावर दोन्ही हात आडवे धरावे लागतात, तरी वाढपी बोटांच्या फटीतून घालतो. इथल्या लोकांचा आग्रह तसा नाही, मोजूनमापून आहे. पहिल्यांदा विचारलं की 'छे छे' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'उगीच तुम्हाला त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मात्र तो शब्द झाला, त्यावर 'नाही' म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. म्हणून ज्याच्या मनात नाही त्याने दोनवर थांबावं. दोनवर थांबलेल्याला कोणी नावं ठेवत नाही. हे बाळकडू इथल्या पोरांना दुधाबरोबर मिळतं.

बैठकीनंतर गाडीपाशी व्हर्लिनने, रीत म्हणून, दुसऱ्यांदा विचारलं. आर्डिसबाई म्हणाल्या, "उगीच तुम्हाला त्रास." छान झालं. आता ठरावाला वळसा कसा घालायचा याचा विचार करत तो घरी आला. शुक्रवारी संध्याकाळी तो गवत कापत होता. आर्डिसबाई कुंपणापलीकडे रुबार्बची, गोडधोडात घालतात ती आंबट, लालसर देठं तोडत होत्या. यंत्राच्या घरघरीत त्याने हात हलवून, नुसती ओळख दाखवायची म्हणून, ओरडून म्हटलं, "काय मग, येताय ना?"

आर्डिसबाईंनी सुरी खाली ठेवली. "बरं बाई. इतकं म्हणताय तर येते."

व्हर्लिनने यंत्र बंद केलं. घरात जाऊन तो पाणी प्यायला.

"किती वेळा झालं?" खिडकीतून सगळं पाहिलेल्या मार्डेलने विचारलं.

"दोनदा."

"बैठकीत एकदा. गाडीपाशी एकदा. आणि आत्ता?"

"आत्ता मी नुसतं बोलत होतो!"

"शेवटी प्रश्न होता, व्हर्लिन. मी ऐकला."

"असू दे," तो ग्लास ठेवत म्हणाला. "एक माणूस वाढल्याने रस्ता लांबत नाही."

शनिवारी नवाला आर्डिसबाई फाटकात हजर. एक पिशवी, बटाट्याच्या गोळ्यांचं गरमागरम हॉटडिश म्हणजे भट्टीत भाजलेलं भांडंभर जेवण, रुबार्बचा भारा आणि पिंप. पिंप सामानाच्या कप्प्यात ठेवायला त्या तयार नव्हत्या. पोचा येईल! म्हणून पिंप मागच्या आसनावर, पट्टा बांधून. त्याच्याशेजारी आर्डिसबाई. पुढे मार्डेल, मांडीवर हॉटडिश, पायात रुबार्ब. गाडी सुरू झाली, आणि आर्डिसबाई अगदी सहज म्हणाल्या,

"माझी धाकटी बहीण लव्हॉन व्हिरोक्वाला असते. वाटेतच लागतं. दोन मिनिटं दारातून हाक मारली असती. पण जाऊ दे."

व्हिरोक्वा नव्वदच्या वाटेत लागत नाही. व्हिरोक्वा चौदाच्या वाटेत लागतं. व्हर्लिनच्या डोळ्यांपुढे ड्युवेनचा चेहरा आला, कॉफीचा कप हातात धरून हसणारा. पण मार्डेलने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि त्याने वळणाचा दिवा लावला.

"जाऊ या की," तो म्हणाला. "मी चौदा पाठ केलाय."

चौदा नंबरने त्याला पाठ केलं नव्हतं. नदी ओलांडेपर्यंत सगळं झकास. मग टेकड्यांत रस्ता बंद, हातात पाटी धरलेला एक माणूस उभा, आणि 'वळसा' लिहिलेला बाण शेतांत घुसलेला. त्या अरुंद वळशावर, गाडीच्या अगदी पुढे, मोटार न वापरणाऱ्या आमिश पंथाची एक घोडागाडी. काळी टोपी, काळा घोडा, चाल निवांत. पुढे चढ, पुढे वळण, ओलांडायची सोय नाही. बसगाड्यांच्या मार्गांचा आखणीकार घोड्याच्या शेपटामागून विस्कॉन्सिन राज्याची शोभा पाहत चालला. घोड्याने मध्येच आपलं नैसर्गिक कर्तव्यही केलं.

"देखणा प्राणी आहे," आर्डिसबाई मागून म्हणाल्या.

"हं," व्हर्लिन म्हणाला. "उद्यापर्यंत अवकाश आहे."

व्हिरोक्वात पोचेपर्यंत दुपार कलली. लव्हॉन दारातच उभी. थोरल्या बहिणीची हुबेहूब प्रत, फक्त गोल. दोन मिनिटांत कॉफी आली. कॉफीबरोबर तीन प्रकारच्या वड्या आल्या. नव्वदने का नाही आलात, असं तिच्या नवऱ्याने विचारलं आणि मान हलवली. उन्हं उतरली तेव्हा कुठे व्हर्लिनने दोन्ही तळहात गुडघ्यांवर आपटून "बरं तर!" म्हटलं. आमच्याकडे निघायचा पहिला चौघडा हा असा वाजतो. पण लव्हॉन खिडकीबाहेर बघत होती.

"आता निघणार? सांजेला हरणं रस्त्यावर येतात. राहा ना रात्री."

"छे छे."

"राहा हो. खोली तयार आहे."

"उगीच तुम्हाला त्रास," व्हर्लिन म्हणाला, आणि तिसरं येण्याच्या आत उठायला धावला. पण गुडघा मध्येच अडकला. या वयात सभ्यपणाला गुडघ्यांची साथ लागते.

"मी म्हणते, राहाच!" लव्हॉन म्हणाली.

झालं.

मार्डेलने लेकीला फोन केला. जोनेल म्हणाली, "काही हरकत नाही, आई. सॅल आलेत. घर झाडताना आपल्या घरचं तेच गाणं गुणगुणतायत. छान बसलंय त्यांच्या गळ्यात." हा निरोप मार्डेलने नवऱ्याला अर्धाच सांगितला. उरलेला अर्धा त्याने तिच्या चेहऱ्यावर वाचला.

रविवारी सगळ्यांच्या आधी उठून तो तयार होऊन बसला. मॅडिसन आता पावणेदोन तासांवर. साडेसातला निघालं की वेळेआधी पोचणार. पण निघणं ही आमच्याकडे क्रिया नाही, सोहळा आहे. कीर्तनाला पूर्वरंग असतो तसा इथे निरोपाला असतो, आणि एखाद्या हौशी बुवाचा पूर्वरंगच जसा पहाटेपर्यंत चालतो तसा इथे निरोप चालतो, आख्यानाला वेळच उरत नाही. न्याहारीच्या टेबलापाशी एक निरोप झाला. बैठकीच्या खोलीत उभ्याने एक झाला. दारात कोट घालून एक झाला, त्यात लव्हॉनच्या नवऱ्याच्या पित्ताच्या खड्यांची हकिकत निघाली. पायरीवर एक झाला. शेवटी गाडीत बसून, काच खाली करून, मुख्य निरोप सुरू झाला. लव्हॉनने काचेवर कोपर टेकलं आणि आर्डिसबाईंना म्हणाली, "बर्निसच्या जावयाचं कळलं का गं तुला?"

घड्याळात आठ वाजून गेले. पाय ॲक्सिलरेटरवर, आणि खिडकीत लव्हॉनचं कोपर. माणुसकी असलेला कोणीही अशा वेळी गाडी हलवू शकत नाही. व्हर्लिनने डोळे मिटले. बसगाड्यांच्या काळात एकदा असंच झालं होतं, एक आई दार सोडेना. तेव्हा त्याने काय केलं होतं? आईलाच बसमध्ये घेतलं होतं!

त्याने डोळे उघडले आणि एका दमात म्हणाला, "लव्हॉनबाई, तुम्हीपण चला, चला हो, चलाच!"

तिन्ही आग्रह एका श्वासात! लव्हॉनचं 'छे छे' तोंडातच राहिलं. 'उगीच त्रास' म्हणायलाही जागा नव्हती. ती नवऱ्याकडे वळली, नवरा म्हणाला, "तीन झाले गं," आणि ती आतून पर्स आणि रुबार्बची भाजलेली गोड पाई घेऊन आली. पिंप मध्ये, दोन बहिणी दोन बाजूंना. निरोप द्यायला खिडकीशी आता कोणी उरलंच नव्हतं. मार्डेलने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं ती चाकांतली हवा तपासलेल्या दिवशी पाहायची.

गाडी सुटली. व्हर्लिन मुळीच घाबरला नव्हता. रिचलंड सेंटरला ट्रॅक्टर आडवा आला तेव्हाही नाही, स्प्रिंग ग्रीनजवळ सायकलवाल्यांची दिंडी लागली तेव्हाही नाही. तो खर्जात चार ओळी घोळवत होता. मागे दोघी बहिणी बर्निसच्या जावयाचा निकाल लावत होत्या.

चर्चच्या आवारात पोचले तेव्हा प्रार्थना सुरू होऊन गेली होती. व्हर्लिन गाडीतून उतरून धावलाच, तोच मागून आवाज आला.

"पिंप! उघड्या गाडीत मी पिंप ठेवणार नाही, व्हर्लिन. ठराव आहे."

वाद घालण्यापेक्षा उचलणं सोपं होतं. तर अशा रीतीने टेसडाल घराण्याचा आजोबा, कडेवर तोटीचं पिंप घेऊन, चर्चच्या मधल्या वाटेने पुढे आला. बाळाच्या माथ्यावर पाणी नुकतंच पडलं होतं आणि बाळ त्याबद्दल आपलं मत सांगत होतं. शेजारी सॅल मानकुसो उभे होते, छाती भरून घेतलेले. ऑर्गनवाल्याची बोटं वर गेली होती.

सॅलनी त्याला पाहिलं आणि चेहरा उजळला. भर चर्चमध्ये ते मोठ्याने म्हणाले, "व्हर्लिन! आलास! ये ये, तू गा."

आणि व्हर्लिनच्या तोंडून, साठ वर्षांच्या वळणाने, शब्द निघाला, "छे छे. तुम्ही उभे आहात."

"अरे, गाणं तुमच्या घरचं आहे. तू गा."

"उगीच... तुमचा आवाज केवढा छान."

तो थांबला. चर्चही थांबलं. मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत प्रत्येकजण तिसऱ्याची वाट पाहू लागला.  आर्डिसबाईंची मान आपोआप होकारासाठी कलली.

सॅल म्हणाले, "बरं. तू म्हणतोस तसं." आणि ते ऑर्गनकडे वळले.

न्यू जर्सीत 'नाही' म्हणजे नाही असतं. तिथे एकदा 'नाही' म्हटल्यावर पुन्हा विचारणं हाच मोठा जिव्हाळा. सॅलनी तो दाखवला होता, अगदी मनापासून. तिसरं येणारच नव्हतं. ते त्या प्रांतात पिकतच नाही.

व्हर्लिनला बाळ दिसलं. लाल तोंड, ओलं डोकं, मुठी वळलेल्या. जोनेल त्याच्याकडे बघत होती, लहानपणी तो बसथांब्यावर उशिरा आला तर बघायची तशी. सॅलनी श्वास घेतला.

"मला गायचंय," व्हर्लिन म्हणाला.

आवाज त्याचाच होता, यावर कोणाचा पटकन विश्वास बसला नाही. एका बाईच्या हातून प्रार्थनेचं पुस्तक पडलं. केकचा शेवटचा तुकडा कोणी अख्खा उचलून तोंडात टाकावा, तसं ते झालं.

"मला गायचंय, सॅल. मीच गाणार. फार... फार इच्छा आहे माझी."

"मग असं म्हण ना, माझ्या बाबा!" सॅल म्हणाले, आणि पुढे येऊन त्यांनी त्याच्या कडेवरचं पिंप आपल्या कडेवर घेतलं.

व्हर्लिन गायला. सूर जरा खालीच लागला, इतका खाली की ऑर्गनवाल्याला पायाखालच्या पेडलवर शोधावा लागला. पहिल्या ओळीत दम कमी पडला. दुसऱ्या ओळीत बाळ रडायचं थांबलं, कारण तो आवाज त्याच्या कानाला नव्हे, पोटाला लागत असावा. चौथ्या ओळीपर्यंत मागच्या बाकांवरचे लोक मान खाली घालून आपापल्या हातांकडे बघत होते. आमच्याकडे रडायची हीच पद्धत आहे. सॅलची नव्हती. ते उघडपणे रडत होते, आणि दोन्ही हातांत पिंप असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. शेवटी आर्डिसबाई उठल्या, आपला इस्त्रीचा रुमाल घेऊन पुढे गेल्या आणि त्यांनी त्या परक्या माणसाचं तोंड पुसून दिलं. मग पिंप तपासलं आणि जागेवर येऊन बसल्या.

गाणं संपलं. पाळकांनी पुढचं वाचायला तोंड उघडलं.

"आणखी एकदा!" सॅल म्हणाले.

लुथेरन चर्चमध्ये 'आणखी एकदा' कोणी म्हणत नाही. पाळकांनी छताकडे पाहिलं, जणू तिथून मार्गदर्शन येईल. सगळ्या बाकांवरून डोळे व्हर्लिनवर लागले. तो लाजून 'छे छे' म्हणणार हे ठरलेलंच होतं.

"गातो," व्हर्लिन म्हणाला. "पण तुम्ही वरचा सूर धरायचा."

सॅलनी पिंप जमिनीवर ठेवलं.